कॅल्क्युलस आणि फिजिक्सची गणितं अडली तर: सांगलीत नव्याने सायन्सला आलेल्यांसाठी

गावाकडून अकरावी सायन्सला सांगलीत आलेल्या मुलांची एक ठरलेली अडचण असते. दहावीला गणितात नव्वदच्या पुढे मार्क असतात, पहिल्या घटक चाचणीला पंचवीसपैकी सहा पडतात, आणि घरी फोनवर काय सांगायचं ते सुचत नाही. गावच्या शाळेत गुरुजींना जागेवरून हाक मारून विचारता यायचं. इथं वर्ग गच्च भरलेला, तास संपला की सर पुढच्या वर्गावर, आणि शेजारचा पोरगा क्लासच्या छापील नोट्स घेऊन निवांत बसलेला. त्याला सगळं येतंय असं वाटतं. (त्यालाही येत नसतं.) मग शंका वहीतच राहते.

मी तासगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतून इथं आले, इथंच फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं. आता गल्लीतली, ओळखीतली पोरंपोरी शंका घेऊन येतात. बहुतेक अकरावी-बारावीची, काही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. सांगलीत शिकवणाऱ्यांची वानवा नाही. विलिंग्डन कॉलेज १९१९ पासूनचं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासूनचं, दोन्ही विश्रामबागेत. त्या भागात दगड भिरकावला तर गणिताच्या नाहीतर फिजिक्सच्या माणसालाच लागेल. पण विचारण्याची एक रीत असते आणि ती कुणी सांगत नाही. ती पुढं क्रमानं देतेय.

आधी एक खुलासा

अकरावीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. त्यात सदिश येतात आणि डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनची, म्हणजे कॅल्क्युलसची, तोंडओळखही येते. हे वर्षाच्या सुरुवातीलाच शिकवून होतं. गणितात मात्र लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्शिएशन ही प्रकरणं भाग दोनच्या शेवटाकडे आहेत, म्हणजे बऱ्याच कॉलेजांत दिवाळीनंतर. फिजिक्सचे सर फळ्यावर वेग म्हणजे स्थानाचं डेरिव्हेटिव्ह असं लिहून पुढं जातात, तेव्हा ते डेरिव्हेटिव्ह काय असतं हे तुम्हाला अजून कुणी शिकवलेलंच नसतं. तुमचं डोकं कमी आहे असं समजू नका. वेळापत्रकच तसं आहे. तोवर एखाद्या सिनियरकडून दोनच गोष्टी शिकून घ्या: एक्सच्या घाताचं (एक्सचा वर्ग, घन असं) डेरिव्हेटिव्ह आणि त्याचंच इंटिग्रेशन. पहिल्या सत्राचं फिजिक्स तेवढ्यावर निभावतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना वर्कशॉप आणि ड्रॉइंग इतरांपेक्षा बरं येतं, गणिताचा पाया मात्र ठिसूळ असतो आणि वर्गातले बाकीचे पहिल्या वर्षाचं गणित करून आलेले असतात. तुम्ही बारावीचं गणिताचं भाग दोनचं पुस्तक आणा. लाज वाटून घेऊ नका, पुस्तकावर कव्हर घाला.

१. नेमकं कुठं अडलंय ते ठरवा

'येत नाही' ही शंका नव्हे. अडण्याचे ढोबळ चार प्रकार असतात आणि प्रत्येकाला माणूस वेगळा लागतो.

भाषेत अडणं. मराठी माध्यमातून आलेल्यांचं निम्मं फिजिक्स इथंच अडतं. इंग्रजी प्रश्नात 'स्मूथ' आला की घर्षण नाही असं धरायचं. दोरी 'लाइट' असेल तर तिचं वस्तुमान सोडून द्यायचं. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. हे शब्द प्रश्नातली आकडेवारीच असतात, फक्त अक्षरांत लिहिलेली. शेवटच्या पानावर यांची यादी करत गेलात तर वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं. याला सर लागत नाहीत, वर्गातला इंग्रजी माध्यमाचा मित्र पुरतो.

कल्पनेत अडणं. सूत्र पाठ आहे, पण ते कशाचं हे माहीत नाही. याचं औषध आपल्याकडे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येतं. पुराच्या दिवसांत सांगलीकर उठल्या उठल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते विचारतो. पातळी अमुक फूट ही एक संख्या, आणि ताशी किती इंच वाढतेय ही दुसरी. दुसरी संख्या म्हणजे पहिलीचं डेरिव्हेटिव्ह. 'पाणी चढतंय, पण जोर कमी झालाय' असं आजोबा म्हणतात तेव्हा पहिलं डेरिव्हेटिव्ह धन आणि दुसरं ऋण असतं. आता उलट बाजूनं बघा. कोयना धरणातून विसर्ग क्युसेक्समध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. धरणातला साठा टीएमसीत सांगतात, म्हणजे अब्ज घनफुटांत. १०,००० क्युसेक्स विसर्ग पूर्ण दिवसभर चालला तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणून ८६.४ कोटी घनफूट होतात, म्हणजे ०.८६४ टीएमसी. विसर्ग दिवसभर सारखा असेल तर हा साधा गुणाकार. तो तासातासाला बदलत असेल तर छोटे छोटे तुकडे करून बेरीज करावी लागते, आणि त्या बेरजेलाच इंटिग्रेशन म्हणतात. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. विसर्ग किती ठेवला तर किती दिवसांत किती जागा रिकामी होईल, हे हाताने करून बघा. आलेखाखालचं क्षेत्रफळ कशाला काढायचं हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. कल्पनेत अडला असाल तर मात्र सर किंवा मॅडमच गाठायच्या. मित्राला विचारलं की तो सूत्र परत म्हणून दाखवतो.

बीजगणितात अडणं. हा सगळ्यात लपलेला प्रकार. मूल म्हणतं इंटिग्रेशन येत नाही, आणि वही बघितली तर इंटिग्रेशन बरोबर, आंशिक अपूर्णांक चुकलेत. किंवा त्रिकोणमितीतलं दुप्पट कोनाचं सूत्र विसरलंय. कॅल्क्युलस शिकायला आलेल्या निम्म्या पोरांना मी नववी-दहावीचंच बीजगणित करायला लावते. रागावतात, पण करतात.

आकडेमोडीत अडणं. बारावी बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. सीईटीलाही (बारावीनंतरची प्रवेश परीक्षा) कॅल्क्युलेटर नाही. घरी मोबाईलवर गुणाकार करायची सवय लागली की फेब्रुवारीत हात कापतात. लॉग टेबल बघायला आजच शिका. अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो, पण त्याचा सापळा वेगळा. तो अंशांऐवजी रेडियनवर राहिला असेल तर साइन ३० चं उत्तर ०.५ न येता उणे ०.९८८ येतं. पेपरच्या आधी एकदा साइन ३० दाबून बघायचं, मगच कामाला लागायचं.

२. विचारण्याआधी वीस मिनिटं झटा

वीसच. दोन तास एकाच गणितावर बसून रडकुंडीला येण्यात काही शौर्य नाही, आणि दोन मिनिटांत उत्तरसूची उघडण्यातही काही अर्थ नाही. त्या वीस मिनिटांत एवढं करा. आकृती काढा, मोठी, पेन्सिलनं. दिलेल्या राशी एककांसह एकाखाली एक लिहा. काय काढायचंय ते शेवटी लिहून त्याला चौकट करा. फिजिक्स असेल तर वस्तूवर लागणारे बल बाणांनी दाखवा आणि धन दिशा कुठली ते बाण काढून ठरवा. ही दिशा ठरवण्याची पायरी सगळे गाळतात, आणि निम्मी न्युमरिकल तिथंच मरतात.

उदाहरण देते. २० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून दगड सरळ वर १५ मीटर प्रति सेकंद वेगानं फेकला. जमिनीवर केव्हा पडेल? गुरुत्वत्वरण १० धरा. वरची दिशा धन धरली तर विस्थापन उणे २०, कारण दगड शेवटी सुरुवातीच्या जागेच्या खाली जातो. समीकरण होतं: −२० = १५टी − ५ गुणिले टीचा वर्ग. सोडवलं की टी ४ किंवा उणे १ येतो; उणे १ सोडून द्यायचा, उत्तर ४ सेकंद. आता 'उंची २० आहे' म्हणून घाईत धन २० घाला. टीचा वर्ग − ३टी + ४ = ० असं समीकरण येतं आणि वर्गमुळाखाली ९ वजा १६, म्हणजे उणे ७. मूल घाबरून म्हणतं, सर, प्रश्नच चुकलाय. प्रश्न बरोबर असतो. वर १५ नं फेकलेला दगड सव्वाअकरा मीटरच चढतो, तो २० मीटर वर जाणार कसा? गणित तुम्हाला तेच सांगत असतं. चिन्ह चुकलं की बहुतेक वेळा असं काहीतरी अशक्य समोर येतं. ते खोडू नका, वाचा.

३. शंका कागदावर लिहा

एवढी एक पायरी नीट केलीत तर निम्म्या शंका लिहिता लिहिताच सुटतात. उरलेल्या ज्याला विचाराल त्याला अर्ध्या मिनिटात कळतात.

वाईट शंका अशी असते: "सर, शिडीचं गणित येत नाही." किंवा व्हॉट्सॲपवर आडवा, अंधारात काढलेला फोटो, त्यात अर्धा प्रश्न कापलेला, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. रात्री पावणेअकराला.

चांगली शंका अशी: "बारावी भाग दोन, डेरिव्हेटिव्हचे उपयोग. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली आहे. खालचं टोक भिंतीपासून सेकंदाला ०.५ मीटरनं दूर सरकतंय. ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं खाली येतं? मी एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर २५ मांडलं. एक्स ३, म्हणून वाय ४. किमती घातल्या तर ९ + १६ = २५. याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर दोन्हीकडे शून्य येतं. पुढं काय करू?"

हे वाचणाऱ्याला चूक लगेच दिसते. किमती आधी घातल्या, डेरिव्हेटिव्ह नंतर घेतलं. क्रम उलटा हवा. आधी काळाच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह: एक्स गुणिले एक्सचा वेग, अधिक वाय गुणिले वायचा वेग, बरोबर शून्य. आता किमती घाला: ३ गुणिले ०.५ म्हणजे १.५, म्हणून वायचा वेग उणे १.५ भागिले ४, म्हणजे उणे ०.३७५. वरचं टोक सेकंदाला ०.३७५ मीटरनं खाली येतंय. उणे चिन्ह 'खाली' सांगतंय. विचारणारा पोरगा मूर्ख नव्हता, एका पायरीनं मागंपुढं झाला होता. 'शिडीचं गणित येत नाही' म्हणाला असता तर त्याला अख्खं गणित पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं, आणि त्याची चूक झाकलेलीच राहिली असती.

तेव्हा कागदावर हे असू द्या:
- प्रश्न जसाच्या तसा, प्रकरण आणि सरावसंचाच्या क्रमांकासह
- तुमची पूर्ण कृती, खाडाखोडीसह. चुकलेली पानं फाडू नका
- जिथं अडलात तिथं गोल
- पुस्तकातलं उत्तर काय आहे ते

फोटोच पाठवायचा असेल तर दिवसा, खिडकीपाशी, पान सरळ ठेवून काढा. आकृती असेल तर तीही आली पाहिजे. आकृतीशिवाय लिव्हर-पुलीचा प्रश्न पाठवणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

४. कुणाला विचारायचं, कुठल्या क्रमानं

आधी बाकावरचा सोबती. त्यानंतर एक-दोन वर्षं पुढचा सिनियर. होस्टेलला किंवा मेसला असाल तर जेवणाच्या टेबलावर एखादा नक्की भेटतो. सिनियरला अलीकडेच हेच अडलेलं असतं, त्यामुळं तो तुमच्या भाषेत सांगतो. सरांना अडून तीस वर्षं झालेली असतात.

सिनियरच्या नोट्स घेताना एक बघा. वालचंद स्वायत्त आहे, त्यांचा अभ्यासक्रम आणि पेपर त्यांचे. बाकी कॉलेजांचा अभ्यासक्रम ज्याच्या त्याच्या विद्यापीठाचा. एका कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या नोट्स दुसऱ्या कॉलेजच्या पोरानं पाठ केल्या की अर्धं प्रकरण अभ्यासक्रमाबाहेरचं आणि जे हवं ते गायब. आधी आपल्या कॉलेजचा अभ्यासक्रम डाउनलोड करून प्रकरणांची नावं जुळवा, मग झेरॉक्सचे पैसे घाला.

घरच्यांपैकी कुणी जुन्या काळचं सायन्सचं असेल, काका, आत्या, तर त्यांना जरूर विचारा. पुस्तकं बदललीत, पण न्यूटन तोच आहे.

५. सरांकडे जाताना

आपल्याकडे पोरं सरांना घाबरतात आणि सर समजतात की कुणाला शंकाच नाहीत. प्रत्यक्षात विचारायला आलेलं पोर बहुतेक शिक्षकांना आवडतं. फक्त वेळ बघा. तास संपल्यावर दारात अडवू नका, पुढचा वर्ग थांबलेला असतो. "सर, दोन शंका आहेत, केव्हा येऊ?" एवढंच विचारा. ते वेळ सांगतात. त्या वेळेला स्टाफरूमच्या दारात उभं राहून "आत येऊ का?" म्हणा, आणि वही उघडूनच टेबलावर ठेवा.

प्रॅक्टिकलचा तास यासाठी उत्तम. बॅच लहान असते आणि वाचनं घेऊन झाली की मोकळा वेळ सापडतो. प्रयोगशाळेतल्या सहायकांनाही कमी लेखू नका; व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज कुठं गंडतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

एका बैठकीला दोन-तीनच शंका. पंधरा नेल्यात तर सर सगळ्या भराभर सोडवून देतील, तुम्ही मान हलवाल आणि घरी येऊन एकही येणार नाही. समजलं नाही तर तिथंच म्हणा, "सर, ही पायरी पुन्हा एकदा." होस्टेलवर परतून पुटपुटण्यात काही हशील नाही.

६. क्लास लावायचा का?

माझं मत विचाराल तर अकरावीच्या जूनमध्ये घाई नको. जाहिरातींचे फलक बघून आईवडील वर्षाची फी एकरकमी भरतात, आणि ऑगस्टमध्ये कळतं की दीडशेच्या बॅचमध्ये पोराला प्रश्न विचारायला मिळतच नाही. म्हणजे कॉलेजचा वर्ग, फक्त पैसे देऊन.

आधी हे विचारा. बॅचमध्ये किती मुलं? शंकांसाठी वेगळा तास आहे का, आणि त्या तासाला शिकवणारे सरच बसतात की दुसरं कुणी? दोन-तीन दिवस बसून बघता येईल का? फी टप्प्याटप्प्यानं चालेल का, पावती मिळेल का, मध्येच सोडलं तर परत किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. आणि क्लास कुठं आहे ते बघा. मिरजेहून, नाहीतर एसटीच्या पासवर तासगाव-पलूसहून ये-जा करणाऱ्या पोरीची रात्री आठला सुटणारी बॅच म्हणजे रोज घरच्यांच्या जिवाला घोर.

फक्त दोन प्रकरणं अडत असतील तर अख्ख्या वर्षाच्या क्लासची गरज नाही. एखाद्या एम.एस्सी. करणाऱ्या दादा-ताईकडे महिनाभर शिकवणी लावा. पैसे कमी, आणि समोर तुम्ही एकटेच.

७. मोबाईलची मदत

फुकट आणि चांगलं बरंच आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, एनसीईआरटीचीही. इंजिनिअरिंगवाल्यांना एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. खान ॲकॅडमीवर कॅल्क्युलस अगदी पहिल्यापासून आहे. जिओजेब्रा डाउनलोड करा. फलन टाईप केलं की आलेख समोर येतो, आणि स्पर्शिका वक्रावरून सरकताना बघितली की डेरिव्हेटिव्ह म्हणजे चढ हे डोळ्यांना पटतं.

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आणि एआय चॅटबॉट यांचं मात्र सांभाळून. सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावरून ट्युटोरियल छापणारे मी बघितलेत. वही पूर्ण होते, तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नाला दम निघतो. शिवाय ही यंत्रं चुकतात, आणि चुकताना आवाज तेवढाच ठाम असतो. आकृतीतला कोन भलताच वाचणं, चिन्ह गिळणं, मधली पायरी उडवणं, असं होतं. वापरायचंच तर असं सांगा: "उत्तर देऊ नकोस. माझी कृती खाली आहे. चूक कुठल्या पायरीत आहे तेवढं सांग." मराठीत टाईप केलं तरी चालतं. मग ती पायरी स्वतः दुरुस्त करून उत्तर पडताळा.

व्हिडिओचा सापळा वेगळा. बघताना सगळं समजतं. सोडवणाऱ्याच्या हाताकडे बघत मान डोलवणं म्हणजे सोडवणं नव्हे. प्रश्न वाचून झाला की व्हिडिओ थांबवा, आपण करा, अडलं तरच पुढं चालू करा.

८. उत्तर मिळाल्यावर

शंका सुटली की वही मिटा आणि तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी त्याच सरावसंचातलं त्याच्यासारखं अजून एक. ते आलं तर शंका सुटली असं धरा.

पडताळायला शिकलात तर कुणालाच विचारावं लागत नाही अशी बरीच गणितं निघतात. इंटिग्रेशनचं उत्तर आलं की त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या. मूळ फलन परत आलं पाहिजे. फिजिक्समध्ये दोन्ही बाजूंची एककं जुळवा. डावीकडे सेकंद आणि उजवीकडे मीटर निघाले तर पुढं जाऊच नका. आणि आकडा जगात शक्य आहे का ते बघा. एसटीचा वेग सेकंदाला ४०० मीटर आला असेल तर ती एसटी नाही.

एका गोष्टीवरून मात्र दरवर्षी रडारड होते, म्हणून ती सविस्तर. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन करा. एका पोरानं साइनला टी धरलं; त्याचं उत्तर साइन वर्ग भागिले २. दुसरीनं कॉसला टी धरलं. तिचं उत्तर उणे कॉस वर्ग भागिले २. तिसऱ्यानं दुप्पट कोनाचं सूत्र लावलं. त्याचं उणे कॉस २एक्स भागिले ४. पुस्तकात यातलं एकच छापलेलं असतं आणि उरलेले दोघं रात्रभर चूक शोधत बसतात. तिन्ही बरोबर आहेत. साइन वर्ग म्हणजे १ वजा कॉस वर्ग, त्यामुळं पहिल्या दोन उत्तरांत फक्त अर्ध्याचा फरक आहे. पहिल्या आणि तिसऱ्यात पाव. हा फरक स्थिरांक आहे आणि तो शेवटी लिहायच्या 'अधिक सी'मध्ये जिरतो. म्हणून उत्तर जुळलं नाही की खोडरबर उचलण्याआधी तुमच्या आणि पुस्तकाच्या उत्तरांची वजाबाकी करा. त्यात एक्स उरला नाही तर तुमचं बरोबर. आणि 'अधिक सी' लिहायला विसरू नका, त्याचा मार्क जातो.

दप्तरात काय असावं

रफ वही (सुटे कागद नकोत, हरवतात), पेन्सिल आणि पट्टी, लॉग टेबल, आलेख कागद, पाठ्यपुस्तक, सूत्रांची तुम्ही स्वतः लिहिलेली वही. कॉलेजचं ओळखपत्र आणि ग्रंथालयाचं कार्ड रोज सोबत ठेवा. ग्रंथालयात संदर्भ पुस्तकं घरी न्यायला मिळत नसतील तर तिथं बसून वाचता येतात, आणि परीक्षा जवळ नसताना जागाही मिळते.

वर्षात केव्हा काय

जून ते ऑगस्ट सर मोकळे असतात आणि कुणी विचारायला जात नाही. हाच काळ तुमचा. पावसाळ्यात पाणी वाढलं की कॉलेजं बंद पडतात, गावाकडची एसटी थांबते. तेव्हा कुणाला फोनवर विचारायचं ते आधीच ठरवून ठेवा, आणि पुस्तकं खालच्या मजल्यावर असतील तर माळ्यावर टाका. बारावीला असाल तर दिवाळीच्या सुट्टीत अकरावीची डेरिव्हेटिव्हं पुन्हा करा, कारण ती येतात असं गृहीत धरून सर सुरुवात करतात. जानेवारी-फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा आणि सराव परीक्षांची घाई असते, स्टाफरूमच्या बाहेर रांग लागते. बारावीचा बोर्डाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यानंतर सीईटी. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, तेही ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात, तेव्हा अकरावीची पुस्तकं मे महिन्यात रद्दीवाल्याला देऊ नका. बोर्ड संपल्यावर सर पेपर तपासणीत गुंततात आणि सहजी भेटत नाहीत. सीईटीसाठीच्या शंका बोर्डाच्या परीक्षेआधीच विचारून ठेवा, नाहीतर एखाद्या सिनियरचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा.